चोपड्यात न आलेलं यंत्र

घरी रायफलची काडतुसं पुन्हा भरण्याच्या साधनांची निवड: एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात तीन माणसं आहेत. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी केळी आणि कापूस करणारे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे चुलत भाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरीला असलेला त्यांचा मुलगा. आणि मी. वरणगावच्या आयुध निर्माणीत तपासणी विभागात माझी हयात गेली. फॅक्टरी आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून. मी त्याआधीच बाहेर पडलो होतो. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं.

मुलगा तिकडे एका रेंजवर नेमबाजी करू लागला. .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल, शंभर आणि तीनशे यार्डांवरचं लक्ष्य. महिन्याला ऐंशीच्या आसपास काडतुसं जायची. चांगल्या प्रतीचं तयार काडतूस त्याला सरासरी सव्वादोन डॉलरला पडत होतं. रेंजवरचे निम्मे लोक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या, म्हणजे केस, उचलून घरी नेतात आणि पुन्हा भरतात, हे पाहून त्यालाही वाटलं की आपणही भरावं. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तरच लागतो.

ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी केस, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर (ठोका बसला की दारू पेटवणारी छोटी टोपी), आत दारू आणि तोंडाशी गोळी. झाडल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्रायमर निकामी होतो. उरते ती केस, आणि चौघांत सगळ्यात महाग तीच. ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त असं हे पितळ असतं. कारखान्यात एका चकतीपासून ते ओढून ओढून नळी करतात, मध्ये मध्ये भट्टीत तापवून नरम करतात. म्हणून एकदा झाडल्यावर ती फेकवत नाही. झाडताना ती रायफलच्या चेंबरभर, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीभर, फुगते. तिला दाबून मापात आणायचं, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू मोजून ओतायची, गोळी बसवायची. काम एवढंच.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. आबांनी पारावर सांगितलं, की पोरगा अमेरिकेत घरी बसून दारू भरतो. त्यानंतर दोन दिवस वहिनींना जो तो विचारत होता, पोराचं सगळं ठीक आहे ना म्हणून.

अडचण

मुलाचा प्रश्न साधा होता: "काका, कोणता प्रेस घेऊ?" रेंजवरचा एक म्हातारा आपला वापरलेला प्रोग्रेसिव्ह प्रेस डायसकट (डाय म्हणजे केस मापात आणणारा साचा) सातशे डॉलरला द्यायला तयार होता. नवा घ्यायचा तर खर्च पुष्कळ जास्त. दहा दिवसांत सांग, म्हणाला होता.

पुढे कळलं की प्रश्न दोन होते. दुसरा चोपड्यात तयार होत होता आणि तो आमच्या ध्यानात उशिरा आला. आबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची .३१५ बोअरची रायफल आहे. काडतूस महाग, वेळेवर मिळत नाही, आणि परवान्यावर किती घ्यायची, किती जवळ ठेवायची याची मर्यादा. व्हिडिओ कॉलवर पोराचं टेबल पाहताना त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हाला दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

पर्याय: कोणता प्रेस

प्रेस म्हणजे लिव्हरची दाबणी. उसाच्या रसाच्या हातगाडीवर जसा जोर लागतो तसा नाही, त्याहून कमी, पण सरळ रेषेत आणि दर वेळी सारखा लागायला हवा. खालच्या दांड्यावर केस उभी राहते, वर डाय बसलेली असते, दांडा दाबला की केस डायमध्ये शिरते. जात तीन. सिंगल स्टेज, म्हणजे एका वेळी एकच डाय, एकच काम: आधी पन्नासच्या पन्नास केस मापात आणायच्या, मग डाय बदलायची. टरेट, म्हणजे वर तीनचार डाय असलेलं फिरतं डोकं, डाय न बदलता फिरवायची. आणि प्रोग्रेसिव्ह, ज्यात एका दाबात चारपाच स्थानकांवर चारपाच कामं एकदम होतात आणि दर दाबाला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

इथे माझी पहिली चूक. मी म्हणालो, घे. फॅक्टरीत सगळं स्थानकास्थानकानंच पुढे सरकतं, माझे डोळे त्यालाच सरावलेले. शिवाय सातशे डॉलरला स्वस्तात मिळतंय. फोन ठेवल्यावर रात्री मला चैन पडेना. फॅक्टरीत यंत्र वेगानं चालतं ते खरं, पण त्याच्या मागे माझ्यासारखी तपासणीची माणसं आणि गेजांची फडताळं असतात. लॉटमधून नमुने काढतात, मोजतात, झाडून बघतात. पोराच्या खोलीत तपासणी विभाग कोण? तोच. नवशिक्या माणूस एका दाबात पाच गोष्टी करतो तेव्हा पाचही गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं, आणि प्रायमर बसला नाही की दारू दोनदा पडली हे त्याला शेवटी कळतं. कधी कधी रेंजवर कळतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. महिन्याला किती? ऐंशी. वेळ किती? आठवड्याला एक संध्याकाळ. हवंय काय, जास्त काडतुसं की एकसारखी काडतुसं? एकसारखी, म्हणाला. मग हिशोब उघडच होता. सिंगल स्टेजवर नवशिक्या माणसाची पन्नास काडतुसं एका संध्याकाळी होतात, दोन संध्याकाळींत महिन्याचं भागतं. पिस्तुलाची आठवड्याला पाचशे झाडणाऱ्याला प्रोग्रेसिव्ह हवा, त्याच्याकडे दुसरा इलाजच नाही. टरेटचा विचार आम्ही दहा मिनिटं केला असेल. वाईट नाही, पण बिडाच्या एकसंध चौकटीइतकं ते डोकं घट्ट बसत नाही, आणि वाचणारा वेळ त्याला नकोच होता.

म्हाताऱ्याला नको म्हणून कळवलं. तो रागावला नाही. उलट म्हणाला, मीही पहिली पाच वर्षं सिंगल स्टेजवरच काढली. हे आधी का नाही सांगितलं असं पोरानं विचारलं, तर म्हणाला, तू विचारलं नाहीस.

बाकीची साधनं

प्रेस ठरला की लोकांना वाटतं झालं. माझ्या मते प्रेसला यादीत चौथी जागा द्यावी. पहिलं पुस्तक: ज्या कंपनीची गोळी किंवा दारू वापरायची तिचं चालू आवृत्तीचं मॅन्युअल, कारण कोणत्या गोळीला कोणती दारू किती, हे तिथूनच घ्यायचं, रेंजवरच्या मित्राकडून नाही. दुसरा तराजू. तिसरं व्हर्नियर, म्हणजे बारीक लांबी मोजायचं माप. मग प्रेस.

व्हर्नियरचं कारण असं. केस दर वेळी झाडली आणि दाबली की थोडी लांबते. .३०८ च्या केसची जास्तीत जास्त लांबी २.०१५ इंच. त्याहून वाढली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला भिडतं, गोळीला आवळून धरतं आणि दाब वाढतो. म्हणून ती कापून २.००५ वर आणायची. इंचाच्या शंभराव्या हिश्श्याचा खेळ आहे हा, डोळ्याला कळत नाही. त्यासाठी व्हर्नियर आणि छोटं हातानं फिरवायचं ट्रिमर.

डाय घेताना एक निर्णय करावा लागला. फक्त मान दाबणारी घ्यायची की पूर्ण केस दाबणारी. एकाच रायफलीत झाडलेली केस त्याच रायफलीत परत जाणार असेल तर मान दाबूनही चालतं, पितळ जास्त टिकतं. पण काही वेळा झाडल्यावर ती बोल्टला जड जाऊ लागते. आम्ही पूर्ण दाबणारी घेतली. पिस्तुलाच्या सरळ केससाठी कार्बाइडची डाय मिळते, तिला वंगण लागत नाही. रायफलच्या खांदेवाल्या केसला मात्र वंगण लागतंच. कमी लावलं तर केस डायमध्ये अडकते आणि बूड तुटतं, जास्त लावलं तर खांद्यावर खळगे पडतात. पोराची पहिल्याच महिन्यात एक अडकली. कोणाची अडकत नाही?

हातानं प्रायमर बसवायचं अवजार, पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा, नरसाळं, चष्मा, प्रेसवर केस धरून ठेवणारा शेल होल्डर हे सगळं धरून पावणेसातशे डॉलरच्या आसपास खर्च झाला. म्हणजे वापरलेल्या प्रोग्रेसिव्हच्या किमतीत सगळं टेबल उभं राहिलं. ठोकळ्याचा उपयोग नीट समजून घ्यायला हवा: पन्नास केस दारू भरून उभ्या राहिल्या की वरून विजेरी धरून एकेका तोंडात बघायचं. सगळीकडे दारूची पातळी एकसारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी किंवा एखादी वर आलेली लगेच नजरेत येते. पाच डॉलरचं लाकूड, पण मी त्याला प्रेसपेक्षा वर मानतो.

साठवण थोडक्यात: दारू मूळ डब्यातच, प्रायमर मूळ पुड्यातच, दोन्ही वेगवेगळे, टेबलावर एका वेळी एकच दारू. अमेरिकेतल्या आग प्रतिबंधक मानकात घरी २० पौंडांपर्यंत धूरविरहित दारू मूळ डब्यात ठेवायची मुभा आहे. गावोगावचे नियम वेगळे असतात, म्हणून त्यानं स्थानिक नियम बघितले आणि भाड्याचं घर असल्यानं मालकाकडून ईमेलवर होकार घेतला. त्याच्याकडे दोन पौंडांवर कधी नसते.

तराजूची गोष्ट

इथे जरा थांबतो, कारण गडबड इथेच झाली.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. आपल्याकडे हे माप परकं नाही, फक्त नाव विसरलोय. जुन्या तोळ्याचे ग्रेन १८० आणि गुंजा ९६. म्हणजे गुंजेत पावणेदोन ग्रेनच्या थोडं वर. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. काडतूस भरणाऱ्याचा तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. जळगावच्या सराफाकडे काचेच्या पेटीतला तराजू पाहिला असेल. गिऱ्हाईकाच्या श्वासानं पारडं हलू नये म्हणून ती पेटी. मला हे ठाऊक होतं, आणि तरीही मी पोराला सांगितलं नाही.

त्यानं छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू घेतला होता, मी चालेल म्हणालो. सोबत प्रमाणित वजनांचा संच घे, असं सांगितलं होतं. पस्तीस डॉलरचे ते तुकडे त्याला फालतू वाटले, यादीतून गाळले. टेबल आधी गॅरेजमध्ये होतं. जूनमध्ये तिथे भट्टी झाली म्हणून ते आतल्या खोलीत आणलं आणि नेमकं एसीच्या झडपेखाली मांडलं.

एका रात्री छत्तीस काडतुसं भरून झाल्यावर त्यानं सहज रिकामं पारडं तराजूवर ठेवलं. शून्य यायला हवं होतं. आलं उणे ०.३. उचलून परत ठेवलं, उणे ०.२. एसी बंद केला, दहा मिनिटांनी शून्य. मला फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते, मी दशम्या खात होतो. ०.३ म्हणजे गुंजेचा सहावा हिस्सा. पुस्तकातल्या सुरुवातीच्या, सगळ्यात कमी मापावर तो भरत होता, त्यामुळे तेवढ्यानं रायफल फुटली नसती. पण छत्तिसांतली कोणती बरोबर, कोणती चूक, आणि तराजू कधीपासून घसरला होता, हे सांगायला कसलाच पुरावा नव्हता. तपासणी विभागात अशा लॉटला एकच शिक्का बसतो.

तो म्हणाला, "काका, झाडून बघू का? फरक कमीच असेल." मी म्हणालो, असेल या शब्दावर काडतूस झाडत नाहीत. त्यानं हातोडीसारख्या पुलरनं छत्तीसच्या छत्तीस उकलली. दोन संध्याकाळी गेल्या. मग दांडीचा तराजू आला, वजनांचा संच आला, आणि टेबल झडपेपासून दूर गेलं. दर सत्राच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी प्रमाणित वजन ठेवून बघायचं आणि वहीत लिहायचं, हे तेव्हापासून सुरू झालं.

चोपड्यातला निर्णय

दिवाळी २०२४ ला मुलगा येणार होता. आठ दिवस आधी तो मला सहज म्हणाला, आबांसाठी छोटा हातात धरायचा प्रेस आणि .३१५ ची डाय बॅगेत टाकतोय, दोन्ही मिळून सव्वा किलोसुद्धा नाही. दारू नाही, प्रायमर नाही, नुसतं लोखंड. विमानात दारू आणि प्रायमर नेता येत नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याच्या मते प्रश्न मिटला होता.

मी आबांना फोन लावला. ते आधीच खुशीत. "माले बी एक लई ये, असं मीच सांगं त्याले," म्हणाले. त्यांचा युक्तिवाद सरळ: "बंदूक मनी, परवाना मना, केस मन्या. मंग यंत्रनं काय शे इतलं?"

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. फॅक्टरीत आयुष्य काढलं, पण घरात काय चालतं हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी शस्त्र अधिनियम, १९५९ उघडला. कलम २ मध्ये दारूगोळ्याची व्याख्या आहे. काडतूस, बाँब वगैरे येतंच, पण पुढे दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्याच व्याख्येत घातली आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत बॅगेतलं ते लोखंड हे लोखंड नाही, दारूगोळाच आहे. आयातीला कलम १० चा परवाना. बनवायला कलम ५ चा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आबांचा परवाना रायफल बाळगायचा, काडतुसं विकत घ्यायचा. काडतुसं करायचा नाही.

शस्त्र परवान्यांची कामं करणाऱ्या जळगावच्या एका वकिलांना भेटलो. त्यांनी ते पान माझ्यासमोर पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अजून बॅग भरली नाहीये ना?"

आबांसमोर आम्ही पर्याय मांडले तेव्हा त्यांनीच एक भर घातली, आणि ती सगळ्यात घातक होती. तालुक्याच्या गावी एक लेथवाला आहे, ट्रॅक्टरची बुशिंगं करतो, हात चांगला. आबांनी त्याला पोराच्या टेबलाचा फोटो दाखवला होता. तो म्हणाला होता, तीन हजारांत करून देतो. मी आबांना विचारलं, सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे येतात म्हणून या भागात पोलिसांची नाकाबंदी कशी असते ते तुम्ही रोज पाहता, त्यात तुमच्या नावानं लेथवर काडतुसाची डाय होतेय हे कळलं तर? तुमचं वय बघतील, की तुमची हवालदारकी?

ते गप्प बसले. मग म्हणाले, "लेथवालाले बी आत टाकतीन का?" मी म्हणालो, त्याला आधी.

तांत्रिक बाजूनंही ते जमलं नसतं, हे मी त्यांच्या ओट्यावर दाखवलं. आबांच्या रिकाम्या केस बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. त्यातल्या एका जुन्या केसच्या तोंडात विजेरी धरली. तळाशी बाजूबाजूला दोन बारीक भोकं. हा बर्डन पद्धतीचा प्रायमर. ज्या टोकावर चेपला जाऊन प्रायमर पेटतो ती ऐरण इथे केसमध्येच घडवलेली. पोराच्या केसमध्ये मधोमध एकच मोठं भोक असतं, ती बॉक्सर पद्धत, ऐरण प्रायमरमध्ये. नेहमीच्या डायची सुई मधल्या भोकातून प्रायमर ढकलते. बर्डनच्या केसमध्ये ती ऐरणीवर आपटते आणि मोडते. बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सरची आणि युरोपात रुजली बर्डनची, हे आबांना फार आवडलं. म्हणाले, आपल्याकडच्या सोयरिकीसारखं आहे हे.

आणि एक गोष्ट, जी कोणी बोलत नव्हतं. ज्या रायफलीसाठी हे चाललं होतं ती त्या वेळी घरात नव्हतीच. विधानसभेची आचारसंहिता लागली होती आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती.

काय केलं

बॅगेतून प्रेस आणि डाय निघाली. मुलानं दोन्ही तिकडेच दुकानात परत दिली, डाय उघडलेली होती म्हणून काही पैसे कापले गेले. लेथवाल्याला आबांनी स्वतः जाऊन नको सांगितलं आणि फोटो मोबाइलमधून काढायला लावला. रिकाम्या केस मोजून, तारखेसह वहीत लिहून ठेवल्या. वकिलांनी तसं सुचवलं होतं.

मग आम्ही आबांना विचारलं, जो प्रश्न मी पोराला विचारला होता आणि त्यांना विचारायचा राहिला होता: वर्षाला झाडता किती? बराच वेळ मोजून म्हणाले, गेल्या वर्षी चार. तीही रेंजवर, बंदूक नीट चालते का बघायला. रानडुकराला त्यांनी कधी मारलेलं नाही, आणि पीकसंरक्षणाचा परवाना असला तरी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची परवानगी नसताना मारता येतही नाही. वर्षाला चार काडतुसांसाठी आम्ही सात वर्षांची शिक्षा ओढवून घेणार होतो.

त्यांना हवा होता तो सराव, आणि खरं तर पोराशी बोलायला एक विषय. त्यासाठी .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घेतली, २० ज्यूलच्या आतली, ज्याला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदारानं ओळखपत्राची प्रत घेतली. केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये दहा मीटर मोजून मागे मातीची पोती रचली. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, हे कळल्यावर त्यांचा आधीचा तोरा जरा उतरला. डुकरांसाठी शेताच्या उत्तरेला झटका मशीन, म्हणजे बॅटरीवरचं झटका देणारं तारेचं कुंपण, लावलं.

निष्पत्ती

मुलाचं टेबल आता दीड वर्ष जुनं आहे. तिथे एक काडतूस त्याला केस धरली नाही तर डॉलरच्या आत पडतं. कागदावर साधनांचा खर्च सात महिन्यांत निघाला असता. प्रत्यक्षात निघाला नाही, कारण तो आता महिन्याला एकशेदहा झाडतो. घरी भरणाऱ्यांचे पैसे वाचतात असं मला कोणी सांगितलं की मी हसतो. त्याचे नेम मात्र सुधारले. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा घेर पूर्वी पावणेदोन इंच यायचा, आता सव्वा इंचाच्या आत राहतो. यातला किती वाटा काडतुसाचा आणि किती हाताचा, ते मी ठरवू शकत नाही.

आबा रोज सकाळी वीस छर्रे मारतात. बाप-लेक रविवारी एकमेकांना लक्ष्याचे फोटो पाठवतात. झटका मशीननं डुकरं कमी झाली, बंद झाली नाहीत. एका रात्री बॅटरी उतरली आणि सकाळी पंधरा-वीस झाडं आडवी.

पुन्हा करायचं झालं तर

मी पहिल्या फोनवर "घे" म्हणालो नसतो. आधी महिन्याचा आकडा विचारला असता. कारखान्यात राहिलेल्या माणसाचा सल्ला घरातल्या टेबलाला लागू पडेलच असं नाही, हे मला रात्री सुचलं. म्हाताऱ्याची मुदत दहा दिवसांऐवजी एका तासाची असती तर व्यवहार झालाच असता.

प्रमाणित वजनं यादीत पहिल्या दिवशी घातली असती आणि ती गाळू दिली नसती. टेबलाची जागा बदलली की तराजू पुन्हा तपासायचा, हे लिहून द्यायला हवं होतं. तो प्रोग्रेसिव्ह घेऊन बसला असता आणि तराजू असाच घसरला असता तर उकलायला छत्तीस नाही, तीनशे निघाली असती.

चोपड्याच्या बाबतीत माझी चूक मोठी. व्हिडिओ कॉलवर मी तिघांचं बोलणं ऐकत होतो आणि कायदा मी पोरापुरताच बघितला होता. कायदा टेबलाबरोबर प्रवास करत नाही, तो जागेबरोबर बदलतो, ही गोष्ट पहिल्याच कॉलवर आबांसमोर बोलायला हवी होती. त्यांनी लेथवाल्याला फोटो दाखवला तो त्या न बोललेल्या महिन्यांत. आणि मुलानंही बॅग भरायच्या आधी विचारायला हवं होतं. त्यानं मला सांगितलं ते विचारायला नाही, सहज. सहज सांगितलं नसतं तर?

गेल्या महिन्यात मुलानं तराजूसाठी प्लायवूडची पेटी केली, समोर सरकती काच. फोटो आला. आबांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला, जळगावच्या सराफाची आठवण काढली आणि खाली एवढंच लिहायला लावलं: "काच कितलाले पडनी?"